दिवेघाटात दम तोडणारी पिकअप: दुखणं डिझेलचं की पाण्याचं?

माझी पिकअप २०१० ची. जुन्या साध्या पंपाची, कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या ताब्यातलं, खूप दाबाचं डिझेल) नव्हे. चार लाख किलोमीटर ओलांडल्यावर मीटरच बंद पडला, पुढचा हिशेब देवाला ठाऊक. पुण्यात मार्केट यार्डाच्या बाजूला पेंड भरायची, दिवेघाट चढून सासवडला टाकायची आणि येताना वाटाणा, सीताफळ, हंगाम असेल तर अंजीर घेऊन उतरायचं. म्हणजे भरल्या गाडीची परीक्षा वर जातानाच.

गेल्या पावसाळ्यात दोन तक्रारी एकदम सुरू झाल्या. घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणाला गाडी ओढेनाशी व्हायची, आणि दर दोन-तीन दिवसांनी कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली रिकामी. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "हेडचं पॅकिंग गेलंय, हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, पॅकिंग म्हणजे त्यामधलं सील. हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी ऐकून मी हेड उतरवलं होतं, घासून घेतलं होतं, २८ हजार मोजले होते, आणि पंधरा दिवसांत बाटली पुन्हा रिकामी. या वेळी गाडी सरळ घरी आणली आणि भाच्याला म्हटलं, वही काढ.

तो म्हणाला, "मामा, वही कशाला? पाना देऊ का?"

पाना नंतर. आधी गाडी कधी त्रास देते ते लिहायचं. इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? चढाला की सपाटीला? हडपसरच्या गर्दीत की मोकळ्या रस्त्यावर? डिझेल किती होतं? धुराचा रंग कोणता? चार दिवस एवढंच लिहिलं तरी निम्मं काम होतं. डिझेलचा दोष आणि पाण्याचा दोष एकमेकांचे कपडे घालून येतात. चढाला दम तोडणं दोन्हींत होतं, पांढरा धूरही दोन्हींत येतो.

आमच्या वहीत एक गोष्ट लगेच दिसली. गाडी दम तोडायची तेव्हा तापमानाचा काटा मधोमधच होता, गरम नव्हता. म्हणजे घाटातला त्रास पाण्याचा नाही. दोन वेगळी दुखणी होती आणि आम्ही दोघांना एकच नाव देत होतो.

आधी डिझेल. रस्ता डोक्यात ठेवा: टाकी, रबरी नळी, पाणी वेगळं करणारी वाटी, फिल्टर, फीड पंप, मोठा पंप, मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल आणि उरलेल्या डिझेलची परतीची नळी. तपासायचं टाकीकडून नोझलकडे, कारण टाकीकडचं सगळं स्वस्त आणि नोझलकडचं सगळं महाग.

टाकीच्या झाकणापासून सुरुवात करा. झाकणाला हवा आत घ्यायला बारीक वाट असते. डिझेल जसं कमी होतं तशी तेवढी हवा आत यायला हवी. पावसाळ्यातला चिखल तिथे बसला की टाकीत निर्वात तयार होतो आणि फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. सपाटीला थोड्या डिझेलवर भागतं, चढाला मागणी वाढली की गाडी मान टाकते. मी मस्तानी तलाव दिसतो त्या वळणाच्या पुढे, जागा बघून गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, भाच्याने चाकामागे दगड लावला. झाकण फिरवलं. प्रेशर कुकरची शिट्टी काढल्यावर येतो तसा, पण उलटा, आत ओढणारा सुस्कारा चांगला तीन-चार सेकंद ऐकू आला. झाकण सैल ठेवून पुढची दोन वळणं चढलो, तर गाडी अशी ओढायला लागली जसं काही झालंच नव्हतं. झाकण डिझेलमध्ये भिजवून, हवेने साफ करून बसवलं. खर्च शून्य. (सैल झाकणाने कायम फिरू नका, पावसाचं पाणी आत जातं.)

झाकण ठीक असेल तर पुढचा संशय एअर पकडण्याचा, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरण्याचा. याची खूण अशी: सकाळी सेल मारला की गाडी पटकन चालू होते, मिनिटभर चालते आणि बंद पडते. मग हातपंप दाबदाबून एअर काढली की पुन्हा ठीक. टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढणारी असल्यामुळे तिथे भेग असली तर डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली ओलं शोधून काही सापडत नाही. फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू करून बघा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या. बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर मागे कुठेतरी हवा शिरते आहे.

जागा नेमकी कुठे, हे कळायला डिझेलचा कॅन वापरतो. पाच लिटरचा स्वच्छ कॅन टाकीच्या ऐवजी जोडायचा, परतीची नळीही त्यातच सोडायची, इंजिनाच्या गरम भागापासून लांब बांधायचा. कॅनवर गाडी ठणठणीत चालली तर दोष टाकी आणि त्या जोडाच्या मध्ये. तरीही बंद पडली तर फिल्टरची रिंग, हातपंप, तांब्याचे वायसर हे बघा. जुने तांब्याचे वायसर पुन्हा बसवण्याची काटकसर करू नका. नाना पेठेत हे वायसर चिल्लरीत मिळतात.

आता डिझेलमधलं पाणी. पावसाळ्यात वाटीचा खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत पाव लिटर काढा आणि अर्धा तास हलवू नका. डिझेल हलकं, एका लिटरला ८३० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे पाणी तळाला जाऊन मध्ये स्पष्ट रेघ दिसते. एखादा चमचा निघाला तर चालतं. दर आठवड्याला निघत असेल तर टाकीच्या झाकणाचं रबर आणि रोज रात्री अर्धी रिकामी टाकी ठेवायची सवय, दोन्ही बघा. पंपावर शंका असेल तर भांडू नका. डेन्सिटी मोजून दाखवा आणि पाच लिटरच्या मापाने मापून दाखवा म्हणा, ग्राहकाने मागितलं तर दाखवावंच लागतं.

फिल्टरबद्दल फार लिहीत नाही. कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला.

नोझलपाशी मात्र थांबू. एकाच सिलिंडरचं मिसिंग असेल, म्हणजे तो नीट पेटत नसेल, तर साध्या पंपाच्या गाडीत आयडलवर एकेका नोझलचा नट अर्धा आटा सैल करून बघतात. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर आजारी तोच. डोळ्यांवर चष्मा, नटावर जाड फडकं, आणि बोट फवाऱ्यासमोर कधीही नाही. तो फवारा कातडीतून आत जातो. तुमची गाडी कॉमन रेलची असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका. तिथे दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो. ती गाडी स्कॅनर असलेल्याकडे न्या.

धूर काळा असेल तर आधी एअर फिल्टर आणि टर्बोचा होज. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय, तो वेगळा विषय. पांढऱ्या धुराला जरा वेळ द्यायला हवा. डिसेंबरच्या पहाटे सगळ्याच गाड्या वाफ सोडतात, ते सोडून द्या. इंजिन पुरतं तापल्यावर सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर पुठ्ठा धरा. न जळलेलं डिझेल असेल तर पुठ्ठ्यावर तेलकट डाग पडतो आणि डोळे झोंबतात. कुलंट असेल तर पुठ्ठा ओला होतो, तेलकट होत नाही, वास गुळमट येतो. आमचा पुठ्ठा कोरडा होता. हेडची भीती इथेच निम्मी उतरली.

आता पाणी, म्हणजे कुलंट. पहिला नियम माझ्या डाव्या मनगटावर लिहिलेला आहे, डागाच्या रूपाने. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारच्या झाकणाखाली तेच पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढलंत की दाब जातो आणि शांत दिसणारं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. ओलं गोणपाट टाकून उघडणारे शूर मी पाहिलेत. चहा प्या, दुसरा प्या, वरचा होज हाताला मऊ आणि कोमट लागला की मग उघडा.

कुलंट जातंय कुठे, हे शोधायला आम्ही एक देशी युक्ती केली. बाटलीच्या ओव्हरफ्लो नळीला पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली तारेने बांधली. सासवडला पोचलो तेव्हा तिच्यात पाव लिटर हिरवं पाणी. म्हणजे कुलंट इंजिन पीत नव्हतं, रस्त्यावर सांडत होतं. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग म्हातारी झाली की ते कमी दाबालाच उघडतं, चढाला कुलंट बाटलीत ढकलतं, बाटली भरून वाहते. रात्री इंजिन थंड झालं की रेडिएटर बाटलीतलं परत ओढून घेतो आणि सकाळी बाटली रिकामी. उलटा दोषही असतो. झाकणातली छोटी झडप अडकली तर बाटली भरलेली, रेडिएटर कमी, आणि सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो.

पण घाई नको. हेडचं पॅकिंग गेलं असेल तरी सिलिंडरचा दाब पाण्यात घुसून कुलंट असंच बाहेर फेकतो. म्हणून सकाळी थंड इंजिनावर झाकण काढलं, रेडिएटर काठोकाठ भरला आणि भाच्याला सेल मारायला सांगितलं. पहिल्या मिनिटाला चार बुडबुडे आले, मग पाणी स्थिर. थांबून थांबून बुडबुडे येतच राहिले, रेझ दिल्यावर वाढले, किंवा झाकण लावल्यावर इंजिन थंड असतानाच वरचा होज दगडासारखा झाला, तर मात्र हेड. ऑइलची पट्टीही काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर त्यात पाणी, गाडी चालवू नका. पातळी वाढून डिझेलचा वास येत असेल तर त्यात डिझेल, तेव्हाही चालवू नका. थंडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस असतो, तेवढ्याने घाबरू नका.

आमच्याकडे यातलं काही नव्हतं. नवीन झाकण आणलं, जुन्यावर छापलेल्या आकड्याचंच. जास्त आकड्याचं लावलं तर एवढे जुने होज फाटतात.

गाडी खरोखर गरम होत असेल तर पुन्हा वही. गर्दीत आणि सावकाश चढाला गरम, पण सासवड रस्त्याच्या सपाटीला ठीक, तर फॅन बघा. इंजिन बंद करून किल्ली खिशात घ्या आणि गरम इंजिनावर फॅन हाताने फिरवा. फॅनचा क्लच शाबूत असेल तर तो जड जातो. गिरकी घेऊन फिरत राहिला तर क्लच गेला. उलट गर्दीत ठीक पण वेगात आणि ओझ्याला गरम, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा जाळीत भुसा बसलाय. माझ्या जाळीतून पेंडीच्या गोण्यांचे धागे निघाले. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, साध्या पाइपाने. वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात.

थर्मोस्टॅटचं ऐकून घ्या. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा हा व्हॉल्व्ह. "व्हॉल्व्ह काढून टाक, गाडी थंड राहील" हा सल्ला तुम्हाला दहापैकी आठ ठिकाणी मिळेल. इंजिन हवं तेवढं तापत नाही, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. काढायचा तर तपासायला काढा. मी घरातलं जुनं पातेलं गॅसवर ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध टांगला, तळाला टेकू दिला नाही, शेजारी थर्मामीटर. बायको दारात उभी राहून बघत होती. त्यावर ८२ आकडा कोरलेला. ८२ ला काही झालं नाही, ८४ ला बारीक फट पडली, आणि पाणी उकळायला लागेपर्यंत सात-आठ मिलिमीटर उघडला. गार पाण्यात टाकल्यावर मिटला. चांगला होता, परत बसवला. ते पातेलं मात्र आता गॅरेजचं झालं, स्वयंपाकघरात परत घ्यायला तिने साफ नकार दिला.

भरताना बोअरचं पाणी नको, आतून क्षार धरतात. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. झाकण न लावता आयडलवर ठेवा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. सांडलेलं कुलंट लगेच धुऊन टाका. चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात.

नवीन झाकण लावून तीन आठवडे झाले. बांधलेली बाटली कोरडी आहे. पण परवा वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी हिरवट पांढरी रेघ दिसली. ते भोक बुजवायचं नसतं. आतलं सील गळायला लागलं की कळावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. पट्टा उतरवून पुली हलवली तर किंचित खेळ लागला. पंप आणून ठेवलाय, सुट्टीच्या दिवशी बसवू. तोवर सीटखाली पाच लिटर कुलंट, आणि भाचा रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी वहीत लिहितो.