फिकट, फिका की विटका? रंग लिहिताना या चुका टाळा

सोलापुरात चादरींच्या एका दुकानासाठी मी व्हॉट्सॲपवर टाकायचा मजकूर लिहितो. मागे एका चादरीखाली ‘फिक्या गुलाबी रंगाची’ असं लिहिलं. तासाभरात एका मावशींचा फोन : “काय ओ, विटलेली खपवताय का?” चूक माझीच. ‘फिकट गुलाबी’ लिहायला हवं होतं.

फिकट ही छटा आहे, गडदच्या उलट. फिका म्हणजे काहीतरी कमी पडलेलं. साखर कमी तर चहा फिका, मीठ-तिखट कमी तर आमटी फिकी. शेंगाचटणीवर वाढलेल्या गावात कुणाच्या भाजीला फिकी म्हणणं म्हणजे भांडणच! हीच उणेपणाची चव शब्दाबरोबर रंगातही उतरते.

धुऊन धुऊन गेलेला तो विटका. उन्हानं रंग ‘उडतो’, बादलीतलं पाणी लाल झालं तर रंग ‘जातो’. गिऱ्हाइकाची तक्रार लिहून घेताना हे आधी विचारा. पहिल्याच धुण्यात रंग गेला तर रंगाई कच्ची. उडाला तर बहुधा गच्चीवरचं आपलं ऊन.

‘हलका रंग’ हिंदीतून आला. बोलण्यात चालतो, पण मराठीत हलका माल म्हणजे कमी प्रतीचा. ‘हलकी चादर दाखवा’ म्हणालात तर दुकानदार वजनाला हलकी काढणार.

फिकट कधी बदलत नाही : फिकट साडी, फिकट साड्या. फिका बदलतो : फिकी, फिके, फिक्या. दोन्हींत ‘फि’ ऱ्हस्व. ‘फीका’ हिंदीतला.

पांढऱ्याच्या आधी फिकट लावू नका. जरा मळकट दिसतो तो पांढुरका किंवा पांढरट. जानेवारीत आमच्याकडं सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. तिथं नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलणाऱ्यांची बाराबंदी (बंदांचा अंगरखा) पांढरीशुभ्र असते. तिला पांढरट म्हणून बघा एकदा. आणि भीतीनं चेहरा होतो तो पांढराफटक.

माझी आणखी एक चूक मावशींनीच दाखवली. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, पण रंग उलटे. इकडे गुलाबीवर मरून रंगाचा मोर, तिकडे मरूनवर गुलाबी. मग नुसतं ‘फिकट चादर’ कसं चालेल? आता मी ‘एक बाजू फिकट, एक गडद’ लिहितो आणि फोटो दोन टाकतो.