लक्ष लागत नसेल, तर आधी काम तपासावे

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींची एक तक्रार मी सतत ऐकतो: दिवसभर जागेवर बसूनही काम पुढे सरकत नाही, आणि संध्याकाळी आज नेमके काय झाले हे स्वतःलाच सांगता येत नाही. हा आपल्या मनाचा कमकुवतपणा आहे, असे त्यांनी बहुधा आधीच ठरवून टाकलेले असते. कार्यालयीन कामात बरीच वर्षे काढल्यावर आणि अनेक नवोदितांना कामाला तयार केल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. लक्ष भरकटते ते बहुतेक वेळा समोरचे काम धूसर असल्यामुळे. इच्छाशक्तीचा प्रश्न त्याच्या बराच मागून येतो.

नवोदितांच्या वह्यांमध्ये कामाची नोंद कशी केलेली असते ते पाहिले, की हे लगेच ध्यानात येते. ‘तिमाही अहवाल’ एवढीच नोंद असेल, तर माणूस संगणकापुढे बसतो, फाइल उघडतो, दोन पाने खाली-वर करतो आणि पाचव्या मिनिटाला ईमेल पाहू लागतो. त्याच जागी ‘तिसऱ्या तक्त्यातील तिन्ही महिन्यांचे आकडे मूळ नोंदींशी ताडून पाहणे, फरक आढळेल तिथे पिवळी खूण करणे’ असे लिहिले असेल, तर हात थेट कामाला लागतो. याचे कारण आपल्या स्मृतीच्या घडणीत आहे. एका वेळी मनात किती गोष्टी धरून ठेवता येतात, यावर मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये लिहिलेल्या निबंधात साताच्या आसपासचा आकडा दिला होता. पुढे 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी पुराव्यांची फेरतपासणी करून तो चारच्या जवळपास आणला. एवढ्या तोकड्या जागेत ‘सुरुवात कुठून करू, हे कोणासाठी आहे, किती खोलात जाऊ’ हेच प्रश्न घोळत राहिले, तर प्रत्यक्ष कामासाठी जागा उरत नाही, आणि मन त्या अडचणीतून सुटण्यासाठी जे सोपे दिसेल त्याकडे वळते.

नवोदितांच्या बाबतीत ही अस्पष्टता पुष्कळदा वरून येते. वरिष्ठ घाईत असतात, काम त्यांना इतके अंगवळणी पडलेले असते की निम्मे सांगायचे राहून जाते, आणि नवा माणूस ‘आपल्याला काही येत नाही असे वाटेल’ या भीतीने मान डोलावून परततो. माझा आग्रह असतो, की सूचना मिळताच ती आपल्या शब्दांत परत सांगावी: ‘सर, मला समजले ते असे, की हे टिपण बैठकीपूर्वी वाचण्यासाठी आहे, त्यामुळे ते दोन पानांचे असावे आणि मागील वर्षाची तुलना त्यात नको, बरोबर आहे ना?’ पूर्ण झालेले काम कसे दिसायला हवे, ते कोण वाचणार, केव्हा हवे आणि त्यातून काय वगळले तरी चालेल, हे चार प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्यांतही शेवटचा सहसा कोणी विचारत नाही, आणि दिवसाचे कित्येक तास वाचतात ते नेमके त्याच्या उत्तराने. चांगल्या वरिष्ठाला अशा प्रश्नांचा राग येत नाही. काम दोनदा करावे लागले, की मात्र येतो.

दुसरा मोठा विषय व्यत्ययांचा. एका कामावरून उठून दुसऱ्याकडे गेलो, तरी मनाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो; सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हे दाखवून दिले आहे, आणि आधीचे काम अर्धवट असेल तर ही अडकण अधिक जाणवते. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडलेला निष्कर्ष याहून विचार करायला लावणारा आहे. त्यांच्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट अधिक वेगाने संपवले, पण ताण, वैताग आणि घाईची जाणीव वाढवून घेऊन. म्हणूनच व्यत्ययांचे नुकसान पटकन दिसत नाही: कामे होत असतात, आणि माणूस मात्र दुपारपर्यंत पार थकून गेलेला असतो.

नवोदिताला दार बंद करून बसता येत नाही आणि वरिष्ठांच्या हाकेला नकारही देता येत नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही ‘हे आत्ताच हवे आहे, की हातातले अर्ध्या तासात संपवून दिले तर चालेल?’ असे नम्रपणे विचारता येते, आणि उत्तर अनेकदा ‘चालेल’ असे मिळते. उठणे भागच असेल, तर उठण्यापूर्वी कागदावर एक ओळ लिहावी: ‘एप्रिलपर्यंत ताडले, मे बाकी, सहाव्या ओळीतील बेरीज संशयास्पद.’ ही ओळ लिहायला काही सेकंद लागतात, आणि परत आल्यावर ‘मी कुठे होतो’ हे शोधण्यात वेळ जात नाही. मोबाइलबद्दल मी फार बोलत नाही. तो आवाज बंद करून नजरेआड ठेवावा, एवढे पुरे.

सलग किती वेळ बसावे, हे कामावर अवलंबून आहे. नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना घड्याळासारख्या तबकडीवरील काट्याची क्वचित पडणारी दुहेरी उडी टिपायची होती, आणि पहिल्या अर्ध्या तासानंतरच त्यांच्या नजरेतून अधिक उड्या निसटू लागल्या. आकडे ताडणे, मुद्रिते तपासणे, नोंदी भरणे ही कामे याच जातीची आहेत. त्यांच्यासाठी 25 मिनिटे काम आणि 5 मिनिटे विश्रांती ही फ्रान्सेस्को सिरिलो यांची पोमोडोरो पद्धत उत्तम चालते. लेखन किंवा गुंतागुंतीची मांडणी करताना मात्र 25 मिनिटांना वाजणारा गजर मला जाचक वाटतो, कारण विचार जुळून येण्यालाच तेवढा वेळ लागतो. अशा कामाला दीड तास मोकळा ठेवावा आणि थकवा जाणवल्यावरच उठावे.

दिवस संपवताना उरलेल्या प्रत्येक कामापुढे उद्याची पहिली कृती लिहून ठेवावी. अपुरी कामे मनात घोळत राहतात, पण त्यांच्यासाठी ठोस योजना केली की ती घोळणे कमी होते, असे मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या 2011 मधील प्रयोगांत दिसून आले आहे. त्याचा लाभ झोपेलाही होतो, आणि झोपेशी तडजोड करून एकाग्रता मिळत नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सलग 14 दिवस रोज 6 तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कार्यक्षमता दोन रात्रींपर्यंत अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली होती, आणि स्वतःला मात्र त्याची फारशी जाणीव नव्हती.

हे सर्व प्रामाणिकपणे करूनही काही जणांचे लक्ष लागत नाही. ही अडचण लहानपणापासून घरी, अभ्यासात आणि आता कामातही तशीच असेल, तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणे मुळातच अवघड करणाऱ्या मेंदूच्या विकासाशी संबंधित स्थितीची, शक्यता तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी. अलीकडे अचानक सुरू झाली असेल, तर नैराश्य, अतिताण किंवा थायरॉइडचा विकारही कारण असू शकतो, आणि त्यासाठी नव्या वेळापत्रकाच्या मागे न लागता डॉक्टरांकडे जावे.