पावसात फेझंट-ग्राउझच्या (कोंबडीसारख्या रानपक्ष्यांच्या) शिकारीला जाताय? मग हे बघा

भर पावसात उगाच पायपीट करू नका, पक्षी तेव्हा दाट झुडपात नाहीतर सूचिपर्णी झाडाखाली अंग चोरून बसलेले असतात, पिसं भिजली की उडायचा कंटाळा करतात आणि अगदी पायाशी येईपर्यंत हलत नाहीत. खरी मजा पाऊस थांबल्यावरच्या तासाभरात, तेव्हा ते अंग वाळवायला आणि चरायला झाडीच्या कडेला, मोकळ्यावर येतात. ओल्या पाचोळ्याचा आवाज होत नाही, त्यामुळे जवळ जाता येतं. कुत्र्याला दमट हवेत वास मस्त लागतो पण धो धो पावसात तो धुवून जातो, म्हणून तेव्हा त्याला घाई करू नका, हळूहळू शोधू द्या. कुडकुडायला लागला की सरळ गाडीत, टॉवेलने पुसून.

बंदुकीचं म्हणाल तर घसरून नळी चिखलात टेकली तर आधी काडतुसं काढा, मग नळीतून आरपार बघा, चिखल अडकलेला असताना बार काढला तर नळी फुटू शकते, यात हयगय नको. कागदी काडतुसं ओलीने फुगून अडकतात, प्लास्टिकचीच न्या. घरी आल्यावर बंदूक ओल्या कव्हरमध्ये ठेवू नका, पुसून तेलाचा हात द्या. मारलेले पक्षीपण पिशवीत कोंबू नका, सुटे टांगा.