पिकअपवरची ताडपत्री: हिवाळ्यात माल आतल्या घामाने भिजतो

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बाजार समितीच्या आवारात पहाटे उभ्या असलेल्या गाड्या नीट पाहा. रात्री पाऊस नाही, आभाळ निरभ्र, तरीही निम्म्या पिकअपमधला कांदा वरून ओला. व्यापारी मूठभर कांदा उचलतो, बोटांना ओल लागते आणि बोली तिथेच अडखळते. शेतकरी म्हणतो, "दव पडलं." दव बाहेरून पडतं, हा कांदा आतून भिजलेला असतो.

काढलेला कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि वाफ सोडतो. निरभ्र रात्री ताडपत्री आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. आतली वाफ तिच्या खालच्या अंगाला लागली की थेंब धरतात आणि मालावर गळतात. ताडपत्री मालाला चिकटलेली आणि चारही बाजूंनी आवळलेली असेल तर सुटका नाही. खरिपाचा लाल कांदा मुळातच पाणीदार, टिकायला कच्चा. एका रात्रीचा घाम त्याला पुरतो.

म्हणून ताडपत्री कुठली घ्यायची याआधी एकच गोष्ट ठरवा: माल आणि ताडपत्री यांच्यात वीतभर हवा हवी. त्यासाठी हौद्यावर तीन-चार कमानी लागतात. गावातला वेल्डर अर्ध्या इंची पाइप वाकवून फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या कडेच्या फळीला, खाचा करून देतो. तेही नको असेल तर बांबूच्या कामट्या चालतात. मधली कमान थोडी उंच ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. मधे डबकं धरलेली ताडपत्री फाटते आणि सगळं पाणी एकाच जागी ओतते.

दुकानदार फायबरचं हूड किंवा गाडीच्या मापाचं शिवलेलं कव्हर दाखवेल. चकचकीत दिसतं, पण वर्षातले तीन-चार महिने भाजीपाला नि कांदा वाहणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही. शिवाय बंदिस्त हुडात घाम जास्तच धरतो. कमानी आणि चांगली ताडपत्री एवढ्यात काम भागतं.

माप काढताना हौद्याचं माप म्हणजे ताडपत्रीचं माप नव्हे. समजा हौदा 9 बाय साडेपाच फूट. माल आणि कमान फाळक्याच्या वर दीड फूट, आणि ताडपत्री फाळक्याखाली अडीच फूट उतरायला हवी. म्हणजे प्रत्येक बाजूला 4 फूट. लांबी 17, रुंदी साडेतेरा. बाजारात 18 बाय 15 मागा. 15 बाय 12 स्वस्त पडते म्हणून घेतात आणि कोपरे उघडे राहतात. पाणी आत शिरतं ते कोपऱ्यातूनच.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, काट्यावर ठेवा. 18 बाय 15 फूट म्हणजे साधारण 25 चौरस मीटर. 250 जीएसएम असेल तर ताडपत्री सव्वासहा किलोच्या आसपास भरली पाहिजे, 120 असेल तर तीन किलो. चार किलोची ताडपत्री 250 म्हणून विकत असेल तर उठून चालू लागा. लांबी-रुंदीही टेपने मोजा, कारण कडा दुमडल्यावर माप घटलेलं असतं.

रोज धावणाऱ्या गाडीला 200 ते 250 जीएसएम पुरे. त्याहून जाड दोघांशिवाय घडी होत नाही, मग ती घरीच राहते. विणलेल्या एचडीपीई (एक प्रकारचं प्लॅस्टिक) ताडपत्रीसाठी आयएस 7903 आणि अनेक थरांच्या क्रॉस लॅमिनेटेड कापडासाठी आयएस 14611 हे मानक आहे. शिक्का आहे का ते विचारा. काही जिल्हा परिषदा सेस फंडातून, म्हणजे स्वतःच्या निधीतून, 50 टक्के अनुदानावर ताडपत्री देतात. पंचायत समितीच्या कृषी विभागात आधी चौकशी करा, मग दुकानात जा.

घेताना पाहायच्या बाकी गोष्टी:
- रिंगा अॅल्युमिनियमच्या, तीन फुटांच्या आत
- कडेच्या दुमडीत दोरी घातलेली
- ऊन सहन करणारी, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेली
- खत किंवा औषधासाठी वापरलेली ताडपत्री मालावर नको

कापसाचं वेगळं सांगतो. हमीभाव केंद्रावर 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यावर कपात आणि 12 टक्क्यांपुढे माल परत. रात्रभर घाम धरलेल्या गाडीतला वरचा थर या रेषेपलीकडे जायला वेळ लागत नाही. त्यातच जुनी ताडपत्री झिजली की तिचे पांढरे धागे कापसात मिसळतात आणि जिनिंगमध्येही निघत नाहीत. कापसावर आधी जुनी सुती चादर पसरा, मग कमान, मग ताडपत्री. कांद्यावर हेच काम बारदान करतं, गळालेला थेंब ते शोषून घेतं.

मुक्कामाच्या रात्री:
- कोरडी हवा असेल तर वाऱ्याच्या आडची बाजू हातभर सैल
- पाऊस असेल तर बाजू बंद, मागचा पदर कमानीखाली थोडा उघडा
- हौद्याच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी
- सकाळी ताडपत्री झटकू नका, एका बाजूने गुंडाळत न्या, नाहीतर आतले थेंब मालावरच पडतात

"हिवाळ्यात कुठला पाऊस" म्हणत ताडपत्री घरी ठेवणाऱ्यांना 26 नोव्हेंबर 2023 आठवत असेलच. निफाडमध्ये गारांनी द्राक्षबागा झोडपल्या, शेतातला कांदा झोपवला. मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला हवामान खात्याच्या मेघदूत अॅपवर येतो, तो पाहूनच गाडी भरा. शास्त्राबाहेरचा माझा एक ठोकताळाही सांगतो: पहाटेची थंडी एकदम ओसरली, वारा दक्षिणेकडून फिरला आणि दुपारी आभाळात मासळीच्या खवल्यांसारखे ढग दिसले की दोन दिवस ताडपत्री गाडीतच असू द्या. दर वेळी खरा ठरतो असं नाही, पण ताडपत्री सोबत न्यायला डिझेल जास्त लागत नाही.

कांदा काढणीचं नेहमीचं:
- पाणी 10 ते 15 दिवस आधी तोडा
- मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून पात कापा
- ओला, दुभाळका (जोड), डेंगळा (फुलाचा दांडा आलेला) वेगळा काढा
- भरणी ऊन उतरल्यावर, कारण दुपारचा तापलेला कांदा रात्री जास्त घाम सोडतो

बांधून झाल्यावर गाडीमागे एक चक्कर मारा. ताडपत्रीचा पदर मागच्या लाल दिव्यावर किंवा नंबर प्लेटवर लोंबत असेल तर वर खोचा. याच दिवसांत पहाटे धुकं असतं आणि त्याच रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉल्याही असतात.