ग्रिफॉन विमान टेबलावर आणताना

रॅमजेट या प्रकारच्या जेट इंजिनाला हवा दाबणारी पाती नसतात. समोरून येणारी हवा विमानाच्या वेगामुळेच दाबली जाते, म्हणून उभ्या विमानात तो निरुपयोगी ठरतो. फ्रान्सच्या नॉर्ड १५०० ग्रिफॉन-२ या प्रायोगिक लढाऊ विमानात रॅमजेटच्या रुंद नळीच्या मध्यभागी अतार हे टर्बोजेट, म्हणजे पात्यांनी हवा दाबणारे इंजिन बसवले होते, ते याचसाठी: उड्डाण अतारने करायचे आणि पुरेसा वेग आल्यावर भोवतालच्या नळीत इंधन पेटवायचे. टेबलावरच्या भूमिकाखेळात हे विमान आणताना अनेकजण त्याला फक्त मोठा वेग देऊन मोकळे होतात आणि इथेच त्याचा स्वभाव हरवतो.

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरी पावसाळी रविवारी आम्ही जो डाव मांडतो, त्यात खडे बाजारातून झेरॉक्स काढून आणलेल्या षट्कोनी घरांच्या कागदावर एक घर दोन किलोमीटरचे आणि एक फेरी पंधरा सेकंदांची धरतो. वेगाच्या पाच पायऱ्या ठेवाव्यात. जितकी पायरी, तितकी घरे पुढे. पाचवी पायरी ताशी २४०० किलोमीटरची होते आणि १९५९च्या ऑक्टोबरात गाठलेल्या माख २.१९, म्हणजे ध्वनीच्या २.१९ पट वेगाच्या ती जवळ जाते. त्या वेगाने बेळगावहून निपाणी सरळ रेषेत पावणेदोन मिनिटांच्या आत येते, हे सांगितल्यावर नव्या खेळाडूला प्रमाण लगेच समजते.

केवळ अतारवर दुसरी पायरी ही मर्यादा ठेवावी. रॅमजेट त्या पायरीवर आल्यावरच पेटतो आणि मग प्रत्येक फेरीत एक पायरी चढता येते. तो विझवला की एक पायरी उतरते. इंधनासाठी चाळीस चिंचोके द्यावेत: अतारचा दर फेरीला एक, रॅमजेटचे आणखी दोन. चौथ्या किंवा पाचव्या पायरीवर दर फेरीला उष्णता एकाने वाढते, खाली आल्यावर एकाने घटते. उष्णता वाढली की वीस बाजूंचा फासा टाकावा आणि उष्णतेच्या दुपटीहून अधिक दान न पडल्यास सांगाड्याला इजा होऊन सर्वोच्च पायरी एकाने कमी करावी. चौथ्या पायरीपासून वळण घेता येणार नाही, हा नियम मात्र कोणाच्याही आग्रहाखातर सैल करू नये.

क्षेपणास्त्रांच्या लढाईचा प्रसंग आम्ही एकदा घेतला आणि तो फसला, कारण विमान शत्रूजवळ पोहोचेपर्यंत चिंचोके संपले होते. त्यापेक्षा २४ फेब्रुवारी १९५९ रोजी या विमानाचे चाचणी वैमानिक आंद्रे तुर्का यांनी केलेला शंभर किलोमीटरच्या बंद फेऱ्याचा विक्रम मांडावा. त्यांचा सरासरी वेग ताशी १६४३ किलोमीटर होता. म्हणजे पन्नास घरांचा, सहा कोपऱ्यांचा फेरा पंधरा फेऱ्यांत. हवेतच दुसऱ्या पायरीवर सुरुवात करावी. सगळा वेळ रॅमजेट पेटता ठेवला तर इंधन पुरत नाही, त्यामुळे तो कुठे विझवायचा हाच खेळाचा खरा प्रश्न होतो. आमच्या गटातला एकजण कोपऱ्याच्या आधीच्या फेरीत विझवतो, दुसरा मुळीच विझवत नाही आणि चिंचोके संपल्यावर सूत्रधाराकडे उधार मागतो. उधार देऊ नये.