हळदीच्या अडतीचं वेब ॲप: सर्व्हरवर काय ठेवायचं?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानासाठी सौद्यांची नोंद आणि शेतकऱ्याची हिशोबपट्टी करणारं ॲप उभं करायचंय, असं धरू. बहुतेक जण 'जँगो की लारावेल?' (वेब ॲप बांधायचे तयार सांगाडे) इथून सुरुवात करतात. मी तळातून वर चढतो.

पहिली पायरी डेटाबेस. दर, वजन, हमाली, तोलाई हे सगळं एकदम नोंदलं जावं, नाहीतर काहीच नको. मध्येच वीज गेली तर अर्धवट पट्टी राहता कामा नये. हे काम ट्रान्झॅक्शनचं. एकच दिवाणजी असेल तर एसक्यूलाइटवर, म्हणजे एकाच फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसवर, भागतं, पण त्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं. तिघं तीन फोनवरून नोंदी करणार असतील तर सरळ पोस्टग्रेस घ्या; त्या डेटाबेसात अनेकांना एकाच वेळी लिहिता येतं. रकमेचा रकाना न्यूमेरिकच (नेमके दशांश साठवणारा) ठेवा. फ्लोटमध्ये, म्हणजे अंदाजी दशांशात, ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत, आणि पट्टीत रुपयाचा घोळ झाला की शेतकरी दुकानात हजर!

मग ॲप्लिकेशन. जी भाषा तुम्हाला येते ती. जँगो असेल तर पुढे गुनिकॉर्न, म्हणजे आलेल्या विनंत्या जँगोकडे पोचवणारा सर्व्हर. त्याचे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) प्रोसेसरच्या कोअरच्या दुप्पट अधिक एक, म्हणजे दोन कोअरला पाच.

त्याच्याही पुढे, दारात, एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर. एचटीटीपीएस आणि चित्रं-सीएसएस तो सांभाळतो. इथे माझी एक अख्खी सकाळ गेलीय: वजनाच्या चिठ्ठीचा फोटो चढेना आणि ॲपच्या लॉगमध्ये चकार शब्द नाही. एन्जिनएक्स मुळात १ एमबीच्या वरची फाइल दारातूनच परत पाठवतो, ४१३ हा एरर देत. त्याच्या सेटिंगमधली 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज' ही मर्यादा वाढवा.

पट्टीची पीडीएफ तयार होईपर्यंत दिवाणजीला ताटकळत ठेवू नका; ते काम रांगेत टाका. त्यासाठी सेलरी (रांगेतली कामं उरकणारा) आणि रेडिस (ती रांग साठवणारा) आहेत. पण दिवसाला पन्नास पट्ट्या असतील तर डेटाबेसातलं एक टेबल आणि दर मिनिटाला आपोआप चालणारा क्रॉन पुरतो. कॅशची, म्हणजे तयार उत्तरं जपून ठेवण्याची, घाई तर अजिबात नको. पान हळू उघडलं तर आधी 'एक्सप्लेन ॲनालाइज' चालवून डेटाबेस शोध कसा घेतो आणि इंडेक्स (शोधाची सूची) आहे का ते बघा.

हे सगळं सुरुवातीला एकाच मशीनवर बसतं. फक्त ती मशीन दुकानाच्या तळमजल्यावर नको. २०१९ चा कृष्णेचा पूर आपण पाहिलाय. रोज रात्री पीजी_डंप (पोस्टग्रेस डेटाबेसची अख्खी प्रत) काढून तो सांगलीबाहेर पाठवा. आणि महिन्यातून एकदा तो कोऱ्या डेटाबेसात उतरवून, आदल्या दिवशीची शेवटची पट्टी त्यात दिसते का, ते स्वतः उघडून बघा.