काकूंच्या झोपाळ्यावरचं ऊन

स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घराच्या भिंती उभ्या करता येतात, व्ही-रे किंवा एन्स्केपमधून त्या मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र (रेंडर) बरं निघतं, तरी 'सरांना दाखवू का नको' म्हणून पोटात गोळा येतो, अशांसाठी हे लिहितेय. पुश-पुल (पृष्ठभाग ओढून उंची देणं) कसं करायचं ते इथं मिळणार नाही. मी कुठं तोंडावर आपटले, ते मिळेल.

डिप्लोमा झाल्यावर साताऱ्यात एका आर्किटेक्टकडे लागले. कॅडमध्ये काढलेला घराचा प्लॅन स्केचअपच्या आत घ्यायचा, उभा करायचा, रेंडरला लावायचा. सर माणूस म्हणून चांगले, पण एकच पालुपद: "व्ह्यू भारी दिसला की पार्टी फायनल." साइटवर मला कुणी नेलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. एसीत बसून काम मिळालंय याचंच कौतुक होतं.

एका निवृत्त शिक्षक जोडप्याचा बंगला होता. हॉलला जमिनीपर्यंतची मोठी स्लायडिंग खिडकी आणि आत अकराएक फुटांवर झोपाळा. मी स्केचअपच्या शॅडो (तारीख-वेळेप्रमाणे पडणारी ऊन-सावली) चालू केल्या, तारीख २२ डिसेंबर, वेळ भर दुपारची. लांब, कोवळं ऊन फरशीवरून सरकत थेट झोपाळ्यापर्यंत आलं. काकू स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "अगं, थंडीत इथंच बसून मटार सोलायचे." त्या चित्रावरून झोपाळ्याची जागा ठरली. स्लॅब टाकण्याआधी त्याच जागी हूक बसले. स्लॅबमध्ये गेलेला हूक नंतर हलत नाही, हे सांगायला नकोच.

मी दोन चुका केल्या होत्या. जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

पहिली चूक उत्तर दिशेची. आपल्याकडे बरेच जण प्लॅन काढताना रस्ता कागदाच्या खालच्या बाजूला घेतात आणि नॉर्थचा बाण कोपऱ्यात टाकतात. या प्लॅनमध्ये तो बाण डावीकडे तोंड करून होता, म्हणजे रस्ता पश्चिमेला. कॅडची फाइल साफ करताना मी डायमेन्शन (मापं), हॅच (भरलेल्या रेघा) आणि टेक्स्टबरोबर तो बाणही कचरा समजून उडवला. स्केचअपला बाण-बिण कळत नाही. हिरवा अक्ष (मॉडेलमधल्या तीन दिशारेषांपैकी एक) जिकडे जातो तिकडे उत्तर, एवढंच त्याला माहीत. त्यामुळे माझ्या मॉडेलमध्ये हॉलची रस्त्याकडची खिडकी दक्षिणेला आली. खरी खिडकी पश्चिमेला होती. प्लॅन घड्याळाच्या दिशेनं ९० अंश फिरवायचा, एवढंच काम होतं.

दुसरी चूक गावाची. मॉडेलला ठिकाण दिलं नाही तर स्केचअप ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डरला धरतं, कारण या सॉफ्टवेअरचा जन्मच तिथला. यात त्याचा काही दोष नाही. आपण सांगितलं नाही तर ते तरी काय करणार? बोल्डर ४० अंश उत्तरेला, सातारा साधारण १७.७ वर. २२ डिसेंबरला भर दुपारी बोल्डरचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसव्वीस अंश वर असतो, साताऱ्याचा जवळजवळ ४९. आता हिशोब करा. लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) ७ फुटांवर, छज्जा २ फूट बाहेर, भिंत ९ इंची. दक्षिणेच्या खिडकीतून बोल्डरचं ऊन आत सव्वाअकरा फूट येतं. साताऱ्याचं सव्वातीन फुटांवर थांबतं. म्हणजे काकूंना मी दाखवलेलं ऊन दुसऱ्या देशातलं होतं, तेही चुकीच्या खिडकीतून.

घर झालं, वास्तुशांत झाली. डिसेंबरात भर दुपारी झोपाळ्यावर सावलीच. मग मे महिन्यात मी भेटायला गेले आणि संध्याकाळी पाच वाजता ऊन झोपाळ्यावर आलं. बरोब्बर आलं! त्या वेळी पश्चिमेचा सूर्य सव्वीस अंशांवर उतरलेला असतो, म्हणजे पुन्हा तेच अकरा फूट. छज्जा त्याला अडवूच शकत नाही. काकू पदरानं वारा घेत होत्या आणि मला म्हणाल्या, "सरबत घे गं, तू लांबून आलीस." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर आता मी काय करते. प्लॅन आत घेतल्यावर पहिली भिंत उभी करण्याआधी मॉडेल इन्फोमध्ये जिओ-लोकेशन उघडून अक्षांश-रेखांश भरते. शॅडोच्या पॅनेलमध्ये यूटीसी +५:३०, म्हणजे आपली भारतीय वेळ आहे ना ते बघते. मग नॉर्थचा बाण हिरव्या अक्षावर येईपर्यंत प्लॅन फिरवते. तिरका प्लॅन काढायला वैताग येत असेल तर सोलर नॉर्थचं एक्स्टेन्शन (प्लॅन न फिरवता उत्तर दिशा बदलणारी जोडणी) घालून कोन द्या. आणि मग काठीची परीक्षा. दहा फुटांची एक काठी मॉडेलमध्ये उभी करा, २२ डिसेंबर, साडेबारा वाजता. साताऱ्यात तिची सावली उत्तरेकडे पावणेनऊ फुटांच्या आसपास पडली पाहिजे. वीस फूट पडली तर तुम्ही अजून बोल्डरमध्येच आहात. सकाळी आठला सावली पश्चिमेकडे जाते ना, तेही पाहा. सगळं मिळून दहा मिनिटं लागतात.

अजून एक खाच आहे. व्ही-रेमध्ये डोम लाइटला (मॉडेलभोवतीच्या घुमटासारख्या दिव्याला) एचडीआरआय, म्हणजे खऱ्या आकाशाचा उजेडासकट घेतलेला फोटो, लावून उजेड केला, तर सूर्य तो फोटो काढला तिथला असतो. आकाश झकास दिसतं, पण ते बघून खिडकीबद्दल एक शब्दही बोलू नका. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत साताऱ्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असतो. 'उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही' असं मीही छातीठोकपणे सांगायचे.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या चुकल्या तर निदान घर चुकत नाही. प्रत्येक वस्तूचा ग्रुप करा, नाहीतर भिंत हलवताना फरशीही खेचली जाते. प्लॅन आला की टेपनं एक दरवाजा मोजा. तीन फुटांचा दरवाजा तीन इंची निघाला तर आत घेताना युनिट चुकलंय. फेस (पृष्ठभाग) उलटे, म्हणजे निळसर बाजू बाहेर ठेवू नका, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्यावर भिंतीच गायब होतात. कॅमेरा साडेपाच फुटांवर ठेवा आणि दहा बाय बाराची बेडरूम लग्नाचा हॉल वाटेल इतका फील्ड ऑफ व्ह्यू (कॅमेऱ्यात मावणारी रुंदी) ताणू नका. टाइल दोन बाय दोनची असेल तर टेक्स्चरही (फरशीवर चिकटवायचं चित्र) तेवढ्याच मापाचं द्या. भिंतीचा पांढरा पूर्ण २५५ (रंगाचा सगळ्यात उजळ आकडा) देऊ नका, २२०च्या आसपास ठेवला तर सावल्या जिवंत राहतात. आणि साताऱ्याच्या बंगल्यापुढं पाइनची झाडं लावणाऱ्यांनो, लाज बाळगा. मीही लावली आहेत, म्हणून बोलतेय.

टेलिग्रामवरून हजार तयार थ्रीडी सोफ्यांचा पॅक उतरवून घेणाऱ्यांचा मला राग येतो. एकेक सोफा एवढा जड की लॅपटॉप धापा टाकतो, आणि तो सोफा आपल्या बाजारात मिळत नाही तो नाहीच. सॉफ्टवेअरच्या क्रॅक व्हर्जनबद्दल (चोरीच्या कॉपीबद्दल) बोलत नाही, भांडणं होतात. पैसे नसतील तर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे. शिकायला जड जातं, पण रात्री झोप लागते.

गुरूबद्दल माझं मत कडू आहे. जो फक्त 'लवकर कर' म्हणतो तो काम देतो, शिकवत नाही. साइटवर नेणारा भेटला तर पगार थोडा कमी घ्या, पण त्याच्याकडे राहा. त्या बंगल्याच्या आखणीला मी गेले असते, तर मिस्त्रीनं पहिल्या पाच मिनिटांत विचारलं असतं, "ताई, मावळत कुठं?" मला उत्तर देता आलं नसतं आणि तिथंच सगळं सुटलं असतं.

घाबरू मात्र नका. माझे पहिले चाळीसेक रेंडर आज बघवत नाहीत आणि तरी मला काम मिळतंय. आता मी हॉलचा एकच व्ह्यू तीन वेळांचा पाठवते: सकाळी आठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच, तेही डिसेंबर आणि मे दोन्हीचे. सहा चित्रं बघून पार्टी वैतागते. मागच्या महिन्यात एकांनी वैतागूनच खिडकी पूर्वेला घेतली.

काकूंच्या हॉलला आता बांबूचे पडदे आहेत. पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. अजून बोलावतात, मीही जाते. पण पाचच्या आत निघते.